दादांचे सिनेमे आम्ही पाहिलेले नाहीत

महाराष्ट्रात दादा कोंडक्यांचे सिनेमे कोणीही पाहिलेले नाहीत. हे मी ऐकीव सांगत नाही, दारोदार विचारून खात्री करून घेतली आहे. निदान आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत तरी एकाही बिऱ्हाडाला हे पाप लागलेलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी पाहिलेले नाहीत. त्यांच्या यजमानांनी पाहिलेले नव्हते. ते आज हयात नाहीत, पण बाईंनी त्यांच्या वतीनेही खुलासा करून ठेवला आहे. खजिनदारांनी पाहिलेले नाहीत, कारण त्यांना शास्त्रीय संगीताची आवड. सेक्रेटरींनी एक अर्धा पाहिला, पण तो रात्रीच्या लक्झरी बसमध्ये व्हिडिओवर लावला होता आणि बस चालू असल्यामुळे त्यांना उतरता आलं नाही.

अडचण एवढीच, की १९७१च्या 'सोंगाड्या'पासून दादांच्या लागोपाठ नऊ सिनेमांनी रौप्यमहोत्सव केले आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. रौप्यमहोत्सव म्हणजे पंचवीस आठवडे. पंचवीस नव्वे सव्वादोनशे आठवडे. एकापुढे एक मांडले तर चार वर्षांहून जास्त काळ महाराष्ट्रातल्या थिएटरांतल्या खुर्च्यांवर कोणीतरी बसून खदाखदा हसत होतं. कोण होतं ते? "कामगार वर्ग," असं खजिनदार म्हणतात. "गावाकडची मंडळी," असं सेक्रेटरी म्हणतात. सेक्रेटरींचं गाव सातारा जिल्ह्यात आहे. तिथे चौकशी केली तर तिथले लोक म्हणाले, "छे, आमच्याकडे कुठलं थेटर? ते सगळं मुंबईवाल्यांचं."

अशा माणसांना बोलतं करायची एक युक्ती मला सापडली आहे. मुद्दाम चुकीचं बोलायचं.

"काय हो, 'राम राम गंगाराम'मध्येच ना अशोक सराफ पहिल्यांदा हवालदार झाला?"

"छे हो!" खजिनदारांनी चहाचा कप खाली ठेवला. "तो 'पांडू हवालदार'! पंचाहत्तर साल. सखाराम हवालदार! तिथूनच तर अशोक सराफ वर आला. आणि त्याच सिनेमापासून राम-लक्ष्मण संगीतकार झाले. विजय पाटलांना लक्ष्मण हे नाव दादांनीच दिलं. पुढे 'मैंने प्यार किया'ला त्याच नावाने..."

इथे त्यांच्या लक्षात आलं की आपली बायको दारात उभी आहे.

"...असं कुठेतरी वाचलं होतं," ते म्हणाले.

खरं तर लोकांनी हे सिनेमे पाहिले नाहीत म्हणायला एक सबळ कारण आहे. पाहिले असते तर त्यांची नावं घरी सांगावी लागली असती. त्या काळी सिनेमाला जायचं तर वडीलधाऱ्यांना सांगून जायची पद्धत होती. आमचा एक मामा १९८२ साली रात्री उशिरा घरी आला. आजोबा ओसरीवर बसलेले.

"कुठे होतास?"

"सिनेमाला."

"कोणता?"

"आली अंगावर."

"कोण?"

यावर मामाला काही उत्तर देता आलं नाही. त्याला तीन दिवस रात्री बाहेर जायला बंदी झाली. वयात आलेल्या मावशीला १९८०मध्ये 'ह्योच नवरा पाहिजे' हे शब्द घरात उच्चारायची सोय नव्हती, कारण लगेच आजीने "कोण गं तो?" म्हणून पत्रिका मागवली असती. १९९२ साली माझा एक मित्र आमच्या दारात उभा राहून "काका, येऊ का घरात?" असं म्हणाला, वडील म्हणाले, "ये की, विचारतोस काय?" आणि तो दोन तिकिटं हातात घेऊन आत आला, पाणी प्यायला, पोहे खाल्ले आणि शो चुकवून परत गेला. 'बोट लावीन तिथं गुदगुल्या'च्या वेळी बुकिंगच्या खिडकीवर लोक काय म्हणत असतील, या विचाराने मला आजही त्या खिडकीमागच्या माणसाबद्दल आदर वाटतो.

आणि या नावांत आक्षेपार्ह शब्द कुठे आहे? शोधून दाखवा. बोट, गुदगुल्या, अंग, घर. सगळे शब्द बालभारतीच्या पुस्तकात सापडतील असे. सेन्सॉरने कात्री चालवायची ती कशावर? शब्द दादांचे स्वच्छ, घाण करायचं काम प्रेक्षकांकडे सोपवलेलं. म्हणून तर एवढा राग. एखादा आपल्यासमोर अचकटविचकट बोलला तर आपण नाक मुरडून मोकळे होतो. पण एखाद्याने अगदी साधं वाक्य टाकलं, भोळ्या चेहऱ्याने आपल्याकडे पाहिलं आणि आपण फिस्सकन हसलो, की आपल्या डोक्यात काय साठलंय ते शेजारच्या खुर्चीवरच्या सासऱ्यांना कळतं.

तो भोळा चेहरा दादांनी स्टेजवर कमावला. ८ ऑगस्ट १९३२ला गिरणी कामगाराच्या घरात जन्म, मूळ गाव भोरजवळचं इंगवली, वाढले लालबाग-नायगावच्या चाळींत, नोकरी केली ती 'अपना बाजार'मध्ये, आणि कलापथकाचं वळण लागलं सेवादलात. सेवादलाने महाराष्ट्राला अनेक गोष्टी दिल्या; ही एक गोष्ट दिल्याचं ते फारसं बोलून दाखवत नाहीत. मग वसंत सबनीसांचा 'छपरी पलंगाचा वग' हाती आला आणि त्याचं 'विच्छा माझी पुरी करा' झालं. राजा, प्रधान, कोतवाल, मैनावती, राजाच्या पलंगाची चोरी आणि या सगळ्यात मधे मधे करणारा दादांचा हवालदार. गण, गवळण, बतावणी हा तमाशाचा सांगाडा जुनाच, त्यातला सोंगाड्या तर त्याहून जुना. पण दादांचा हवालदार रोज रात्री सकाळचं वर्तमानपत्र वाचल्यासारखा स्टेजवर यायचा आणि समोर पहिल्या रांगेत कोणी बडा माणूस बसला असेल तर त्यालाही वगात ओढायचा. सबनीसांनी लिहिलेलं किती आणि दादांनी घातलेलं किती, याचा हिशेब प्रयोगागणिक बदलत असणार. प्रयोग १५००च्या वर झाले. आशा भोसल्यांनी तो पाहिला, भालजी पेंढारकरांकडे शब्द टाकला, आणि 'तांबडी माती'तून हा हवालदार १९६९ साली सिनेमात शिरला.

'सोंगाड्या'ची गोष्ट तर अजून सांगितली जाते. दादरच्या कोहिनूरमध्ये लागायचा होता, मालकाने ऐनवेळी देव आनंदच्या 'तेरे मेरे सपने'ला जागा दिली. एकीकडे देव आनंदचा केसांचा कोंबडा, दुसरीकडे दादांच्या हाफपँटची गुडघ्यापर्यंत लोंबणारी नाडी. दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले, थिएटरसमोर शिवसैनिक जमले, आणि कोंबड्याला नाडीपुढे माघार घ्यावी लागली. मराठी माणसाच्या हक्काचे बरेच लढे झाले, पण नाडीसाठी झालेला आणि जिंकलेला हा एकच.

आता ही नाडी माझ्या कमरेला कशी आली ते सांगतो.

आमच्या सोसायटीच्या गणपतीत विविध गुणदर्शन असतं आणि त्यात दरवर्षी एक दादा कोंडके असतोच. सिनेमे कोणी पाहिलेले नसले तरी हा आयटम नसेल तर लोक वर्गणी द्यायला कुरकुरतात. आतापर्यंत तो पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ करत. ते मुलाकडे कॅनडाला गेले. (तिथल्या महाराष्ट्र मंडळातही ते हेच करतात म्हणे. थर्मल पँटवर हाफपँट घालून.) समितीची बैठक बसली आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

"मला अभिनय येत नाही," मी म्हणालो.

"अभिनय कशाला पाहिजे?" सेक्रेटरी म्हणाले. "तुम्ही फक्त उभे राहा. तुमचा चेहरा आहेच."

"म्हणजे?"

"बघा, आत्ता केलात ना तस्साच!"

घरी येऊन हे सांगितलं तर बायको म्हणाली, "लग्नाच्या वेळीच तुमच्या मामांनी सांगितलं होतं, मुलगा भोळा आहे. आम्हाला वाटलं, गुण सांगतायत."

हाफपँट मिळवणं सोपं असेल अशी माझी समजूत होती. बाजारातल्या पहिल्या दुकानात मी म्हणालो, "पट्ट्यापट्ट्यांची, ढगळ, नाडीची अर्धी चड्डी द्या."

"साहेब, नाडी बंद झाली. आता सगळं इलॅस्टिक. बर्मुडा आहे, थ्री-फोर्थ आहे."

"त्याला नाडी नसते?"

"असते, पण आतल्या बाजूला."

"मला बाहेर लोंबणारी हवी."

"किती लोंबणारी?"

मी गुडघ्याला हात लावला. दुकानदाराचा चेहरा एकदम उजळला. "दादा कोंडके का?" त्याने आतल्या पोराला हाक मारली, वरच्या मजल्यावरून आणखी एकाला बोलावलं, आणि तिघांनी मिळून मला नाडी कशी हलवायची ते शिकवलं. उजव्या हाताने फिरवायची नाही, चालताना ती आपोआप डावीकडे झुलली पाहिजे.

"तुम्ही पाहिलेत वाटतं सगळे सिनेमे?"

"मी नाही हो," तो घाईने म्हणाला. "आमचे वडील सांगायचे."

शेवटी लेंग्याचं कापड घेऊन पडदे शिवणाऱ्या टेलरकडून चड्डी शिवून घेतली. गुंड्याबटणांच्या दुकानात नाडी मागितली तर त्याने विचारलं, "परकराची की लेंग्याची?" मी म्हटलं, "दोन्ही द्या, जोडतो." घरी नेफ्यातून नाडी ओवायला जुना टूथब्रश शोधला. तो सापडला, नाडी ओवली, आणि मग कळलं की तो जुना नव्हता. सासूबाईंचा होता.

हे सगळं चालू असताना कॉलेजात जाणारा भाचा आला. त्याच्या जॉगर्सच्या दोन्ही नाड्या चांगल्या वीतभर बाहेर लोंबत होत्या, टोकांना धातूची टोपणंसुद्धा होती. मी म्हटलं, "अरे, तूही दादा कोंडके करतोयस का?" तो म्हणाला, "कोण? हे ब्रँडेड आहे मामा. अठराशेला पडली." सोंगाड्याने जी नाडी बावळटपणाची खूण म्हणून लोंबवली, ती पन्नास वर्षांनी पोरं पैसे मोजून लोंबवतायत. वर तोंडही तसंच उघडं. मोबाइलकडे बघत असल्यामुळे.

खरा प्रसंग पुढेच होता. माझी संहिता सांस्कृतिक समितीपुढे गेली. दादा चालतील, पण दोन अर्थ नकोत, असा ठराव आधीच झालेला होता. मी आपला साधा विषय घेतला: हवालदार सोसायटीत येतो आणि गैरसोयींची चौकशी करतो. लिफ्ट, पाणी, पार्किंग. याहून निरुपद्रवी काय असणार?

"लिफ्टचं वाक्य काढा," खजिनदार म्हणाले.

"का? 'वर जाते, पण मधेच अडकते.' जातेच की!"

खजिनदार खोकले. सेक्रेटरी छताकडे बघू लागले. मुख्याध्यापिकाबाईंनी मात्र चष्मा पुसून विचारलं, "यात काय आहे? मला नाही कळलं. जरा समजावून सांगा ना."

खजिनदारांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "तसं काही नाही. पण लोकांना वाटू शकतं."

"काय वाटू शकतं?"

"काढूनच टाकू," सेक्रेटरी म्हणाले.

पुढे पाण्याचं वाक्य गेलं. 'सकाळी जोर असतो, रात्री अगदीच बारीक धार' यावर तर दोन सभासद उठून बाहेरच गेले आणि तोंड धुऊन आले. मी लिहिताना देवाशप्पथ पाण्याचाच विचार करत होतो. 'तुमची गाडी माझ्या जागेत का लावता' हे वाक्य तर गेल्या वार्षिक सभेच्या इतिवृत्तातून जसंच्या तसं उचललेलं होतं, खाली सेक्रेटरींची सही होती. तेही गेलं. दर वाक्याला बाई शांतपणे विचारत, "यात काय आहे?" आणि दर वाक्याला खजिनदारांचा घाम वाढे. तासाभराने माझ्या हातात उरले ते दोन शब्द: 'नमस्कार' आणि 'आये!' त्यातला 'आये' पडद्यावर दादांची आई झालेल्या रत्नमालाबाईंच्या स्मृतीला मान म्हणून ठेवला.

मग पोलिसांचा प्रश्न निघाला. मंडपाच्या बंदोबस्ताला एक हवालदार असतात. त्यांच्यासमोर हवालदाराची टिंगल कशी करायची? मुंबईत आजही पोरं पोलिसाला मागून 'पांडू' म्हणतात. निळी हाफपँट आणि पिवळी टोपी जाऊन फुलपँट आली, बिनतारी यंत्र जाऊन मोबाइल आला, पण दादांनी ठेवलेलं नाव काही खात्याला बदलता आलं नाही. २०२१मध्ये भाऊ कदम आणि कुशल बद्रिके यांचा 'पांडू' नावाचा सिनेमा आला तेव्हा कोणाला नाव समजावून सांगावं लागलं नाही. सेक्रेटरी मला घेऊन हवालदारांकडे गेले. मी पूर्ण वेशात. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मला वाटलं, कलम सांगणार.

"नाडी आखूड आहे," ते म्हणाले.

"अहो, गुडघ्यापर्यंत आहे."

"गुडघ्याखाली पाहिजे. आणि काका, तोंड उघडं ठेवलंय ते बरोबर आहे, पण डोळे हुशार दिसतायत. ते जरा मंद करा."

"हे हुशार दिसतात?" बायको मागून म्हणाली. तिने मान वाकडी करून नीट निरखून पाहिलं, पण तिला काही सापडलं नाही.

हवालदारांनी मला तिथेच, मंडपाच्या बाजूला, चालून दाखवायला लावलं. वाक्य टाकून थांबायचं कसं, लोक हसले की 'मी काय बोललो?' अशा चेहऱ्याने इकडेतिकडे बघायचं कसं, सगळं त्यांनी करून दाखवलं. ड्यूटी संपवून घरी जाणारा त्यांचा जोडीदारही थांबला आणि त्याने आणखी दोन सूचना केल्या. बंदोबस्त तेवढा वेळ गणपतीच बघत होता.

कार्यक्रमाच्या दिवशी मी स्टेजवर गेलो. नेफ्याला बायकोने आतून गुपचूप इलॅस्टिक घातलं होतं, चड्डीचा भरवसा नाही म्हणून. बाहेरची नाडी फक्त शोभेची. मी 'नमस्कार' म्हणालो. मग थांबलो, कारण पुढचं सगळं कापलेलं होतं. मग 'आये!' म्हणालो. हशा नाही. पहिल्या रांगेतला एक पोरगा ओरडला, "अंकल, तुमची चार्जरची वायर लोंबतेय!" त्याच्या आईने त्याला गप्प केलं. मी डोळे मंद केले, तोंड उघडलं, नाडी डावीकडे झुलवली. शोभेची असल्यामुळे ती झुलता झुलता गळून पडली. ती उचलायला वाकलो तेव्हा स्पीकरवर पुढच्या आयटमचं, भरतनाट्यमचं, संगीत सुरू झालं आणि आठ छोट्या मुली घुंगरू वाजवत माझ्या आजूबाजूला उभ्या राहिल्या. मी वाकलेलाच होतो, तसाच नमस्काराची मुद्रा करून विंगेत गेलो. काही लोकांना तो आयटमचाच भाग वाटला. मला सांगण्यात आलं, तेवढा भाग बरा झाला.

बक्षीस समारंभ मुख्याध्यापिकाबाईंच्या हस्ते होता. मी मागे, हवालदारांच्या शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत, चड्डीवरच बसलो होतो. पहिला क्रमांक भरतनाट्यम, दुसरा मिमिक्री, तिसरा देशभक्तिपर गीत. मग बाईंनी यादीवर नजर टाकली, माइक जवळ ओढला आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात तीस वर्षं म्हणत आलेल्या त्याच करड्या आवाजात म्हणाल्या,

"आणि हाफपँटमधल्या काकांना... उत्तेजनार्थ."

मंडपात क्षणभर कोणी श्वास घेतला नाही. मग खजिनदार फुटले. त्यांच्यामागे सेक्रेटरी, समिती, लक्झरी बसवाले, कामगार वर्ग, गावाकडची मंडळी, सगळा मंडप. ज्यांनी काहीच पाहिलेलं नव्हतं ते पोट धरून खुर्च्यांवरून घसरले. भरतनाट्यमच्या मुली आयांना विचारू लागल्या, "काय झालं? काय झालं?" आणि आयांनी त्यांना पदराआड घेतलं.

बाईंनी चष्मा काढला. तोंड किंचित उघडं ठेवलं. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि हशा जरा ओसरू देऊन माइकवर विचारलं,

"यात काय आहे? मला नाही कळलं."

हवालदारांनी डोळे पुसले आणि माझ्या मांडीवर थाप मारली. "बघा काका," ते म्हणाले, "हे असं करायचं होतं."